काच कोण पुसतं

१

दोब्रिलाचा दिवस कोठारापासून सुरू होई. कॉफी उतरवून ठेवायची, गाळ खाली बसेपर्यंत अंगण ओलांडायचं, एप्रनच्या खिशातल्या किल्लीनं कोठाराचं कुलूप काढायचं आणि आतल्या शिडीनं माळ्यावर जायचं. माळ्याच्या पश्चिमेकडच्या झडपेतून कमरेपर्यंत बाहेर वाकलं की हात बाहेरच्या भिंतीवर बसवलेल्या कॅमेऱ्याला पोचे. खाली सरळ भिंत आणि भिंतीखाली खडा उतार, त्यामुळे एका हातानं चौकट घट्ट धरावी लागे. दुसऱ्या हातात व्हिनेगरच्या पाण्यात पिळलेलं जुनं बनियन. काच वरून खाली पुसायची, एकदाच. पुन्हा तोच हात फिरवला की पट्टे उठतात आणि दिवसभर ढगांवर रेघा दिसत राहतात.

आभाळाचा फोटो काढायला काय अक्कल लागते, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा काढून बघावा. आधी या कॅमेऱ्यावर प्लास्टिकचा घुमट होता. त्यावर ओरखडे पडले आणि ऊन आलं की निम्मं आभाळ पांढरं होई. तो काढून तिनं सपाट काच बसवली, तर काचेला आतून घाम यायला लागला. म्हणून बुटांच्या खोक्यात येतात तसल्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या आत कोंबल्या. अंधार पडला की आपोआप लागणाऱ्या लाल दिव्याकडे किडे यायचे आणि किड्यांमागून कोळी, तेव्हा तो दिवाच बंद करून टाकला. आलुबुखारांवर मोरचूद फवारला की वाऱ्यानं उडून काचेवर निळसर थर बसायचा, म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा कापून वर टोपी केली. पावसाचे थेंब टिकू नयेत म्हणून गाडीचं मेण चोळलं. एवढं करूनही हट्टी थेंब राहायचेच. ते पुसायला रोज वर चढण्यावाचून इलाज नव्हता.

जूनमधल्या एका सकाळी, रात्रभर पाऊस पडून गेल्यावर, ती बनियन पिळून बाहेर वाकली आणि तिचा हात तसाच थांबला. काच पुसलेली होती. पत्र्याच्या टोपीवर थेंब होते, वायरीवर होते, भिंतीवर ओघळ होते. काचेवर काही नव्हतं. तिरकं बघितल्यावर पुसल्याच्या खुणा दिसल्या, गोल गोल, घाईघाईनं हात फिरवल्यासारख्या.

तिला भीती वाटली नाही, राग आला. तिच्या वस्तूला कुणी हात लावला की तिला आधीपासूनच राग यायचा, आणि गेल्या तीन वर्षांत तर राग यायला निमित्ताचीही गरज उरली नव्हती. कुलूप आपण आत्ताच स्वतःच्या हातानं काढलं, हे तिला खाली उतरल्यावर आठवलं. कॉफी तोवर गार झाली होती.

२

हा कॅमेरा तिनं हौसेनं बसवलेला नव्हता. गावाचं तोंड बंद करायला बसवला होता.

विदोये तिचा एकुलता एक. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात नदीला पूर आला, मिलुंका म्हातारीची कालवड गिरणीखालच्या डोहात अडकली, आणि हा पोरगा अंगातल्या स्वेटरसकट पाण्यात उतरला. कालवड आपली आपण पोहून बाहेर आली. ती अजून आहे, दूध देते. विदोयेला दुसऱ्या दिवशी गळ टाकून काढावं लागलं. एकोणीस वर्षांचा होता.

त्याचा चाळिसाव्या दिवसाचा विधीही झाला नव्हता तेव्हा पश्चिमेला हिरवट काळं आभाळ चढलं. द्रेनोवाचमध्ये असं आभाळ दिसलं की गावाची एक जुनी खोड आहे. गावातला सगळ्यात शेवटी जो बुडाला असेल त्याला नावानं हाक मारायची आणि बजावायचं, की बाबा, तुझी पांढरी गुरं, म्हणजे या गारा, आमच्या रानावरून नेऊ नकोस. दोब्रिला दारात उभी होती. समोरच्या टेकाडावर काळा रुमाल बांधलेली मिलुंका चढली, तिनं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि ती हाका मारायला लागली.

“विदोये! अरे विदोये! गुरं इकडे आणू नकोस! मागं फिरव! जिथं चूल पेटत नाही तिथं ने त्यांना!”

जिच्या कालवडीपायी तो मेला, तीच त्याला मेल्यावरही गुराखी करून राबवत होती. दोब्रिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं टेकाडावर जाऊन सगळ्यांदेखत म्हातारीच्या डोक्यावरचा रुमाल ओढून चिखलात फेकला, आणि गाव ते अजून विसरलेलं नाही. ढग मात्र त्या दिवशी पश्चिमेच्या डोंगराच्या धारेवरूनच वळला. मग काय, आभाळ जरा काळवंडलं की कुणी ना कुणी तिच्या पोराला हाकलायला उभंच. सगळं गाव त्याला एकच सांगत होतं: जा, लांब जा.

शेवटी वर्षभरानं तिनं रासबेरी खरेदीच्या केंद्रावर, पाट्या घेऊन आलेल्या सगळ्या गावासमोर, सौदा केला. गावात रादोयको नावाचा रॉकेटवाला आहे. गारांचा ढग फोडायला त्यात रॉकेट सोडणं हे त्याचं सरकारी काम, पण हुकूम रडार केंद्रातून यावा लागतो. क्रस्तात्स डोंगराच्या धारेमागचं रडारला नीट दिसत नाही, त्यामुळे हुकूम येईपर्यंत रान झोडपून झालेलं असतं. दोब्रिला म्हणाली, मी कॅमेरा बसवते, धारेवरचा ढग मिनिटामिनिटाला दिसेल, रादोयको तो केंद्राला दाखवून हुकूम मागेल. बदल्यात माझ्या मुलाचं नाव कुणी घ्यायचं नाही. रादोयकोनं डोकं खाजवलं आणि चित्र स्वच्छ हवं म्हणून सांगितलं, पुसट चित्रावर केंद्र हलत नाही. मिलुंकानं पाटीतली एक रासबेरी तोंडात टाकली.

“चित्र स्वच्छ असेल तोवर आम्ही गप्प, सूनबाई,” ती म्हणाली.

सगळ्यांनी माना डोलावल्या. काच धुरकट झाली की विदोयेला पुन्हा हाकलणार, इतका साधा हिशेब होता. म्हणून ती रोज माळ्यावर चढत होती.

३

तिचा नवरा तिहोमिर ऑस्ट्रियात, लिंझला, बांधकामावर क्रेन चालवतो. जेवणाच्या सुट्टीत तो फोनवर गावाचं आभाळ बघत बसे. त्या रविवारी त्यानं फोनवर आधी हवापाण्याचं विचारलं आणि मग म्हणाला, “काल काय सुंदर दिसत होतं गं. पाऊस धो धो पडतोय आणि काचेवर थेंब नाही. नवीन मेण लावलंस का?”

“नाही. तेच.”

“मग पावसात वर चढली होतीस? मध्येच एकदा चित्र करडं झालं आणि पुन्हा स्वच्छ. पडशील एखाद दिवशी.”

काल पाऊस पडत होता तेव्हा ती चाचाकच्या बाजारात होती आणि कोठाराची किल्ली तिच्या पर्समध्ये होती. हे तिनं त्याला सांगितलं नाही. काळजी वाटली की तिहोमिर एकच बोलायचा, घर विक आणि इकडे ये. पोराला इथं टाकून मी येऊ, असं ती एकदा म्हणाली होती.

तिनं आपल्या मनाशी सगळं लावून पाहिलं. मेणावरून थेंब घसरतात. वारा पश्चिमेचा असला की काच सुकते. पण मेण काही गोल गोल हात फिरवत नाही. मग उरला रादोयको. स्वच्छ चित्राची गरज त्याला होती, शिवाय रॉकेटच्या नळ्या पुसायला त्याच्याकडे ही भलीमोठी शिडी.

ती तरातरा त्याच्या पत्र्याच्या खोलीवर गेली. रादोयको बाकावर बसून फोनवर तिच्याच कॅमेऱ्याचं आभाळ बघत होता. माझ्या कोठाराला परस्पर शिडी लावायची तुझी हिंमत कशी झाली, इथून तिनं सुरुवात केली आणि त्याच्या बापापर्यंत जाऊन आली. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“वहिनी, तुझ्या त्या भिंतीला शिडी लावायची कुठं? खाली उतार आहे. मला वाटलं तूच पुसतेस.”

मग त्यानं तिला फोन दाखवला. या उन्हाळ्यातला प्रत्येक काळा ढग त्यानं साठवून ठेवला होता. ढग धारेपर्यंत येत होता, थबकत होता आणि उत्तरेला वळून जात होता. पहिला, दुसरा, सगळेच. एकही रॉकेट सुटलं नव्हतं.

“मग रडतोस कशाला? चांगलंच आहे की.”

“चांगलं कुठलं. एखादा ढग वळतो गं. सगळे वळत नाहीत.” रादोयको तिच्याकडे बघत नव्हता. तिला वाटलं हा काहीतरी लपवतोय, आणि तिचं वाटणं बरोबर होतं. ते काय, हे तिला पुढच्या आठवड्यात कळलं.

४

त्याआधी तिनं सापळा लावला. भर दुपारी, स्वच्छ उन्हात, डुकराची चरबी काचेवर जाड थापली. झडप आतून बंद केली, कोठाराला कुलूप घातलं आणि कॅमेरा सेकंदाला एक चित्र काढील असा करून ती स्वयंपाकघरात फोन घेऊन बसली. समोर बीन्सचं सूप रटरटत होतं. खिडकीतून कोठाराचं दार दिसत होतं.

फोनमध्ये पिवळट धूसर उजेड होता. बराच वेळ तसाच राहिला. सूप ढवळायला ती उठली आणि परत बसली तर चित्र करडं झालेलं होतं. मग पिवळट, पण गोल वळशांचं. पुन्हा करडं. पुन्हा वळसे. आणि मग क्रस्तात्सची धार, वरची पाइनची झाडं, त्यांच्यामागे पांढरा कापसाळ ढग, सगळं लख्ख.

ती पळत अंगणात गेली. कुलूप होतं तसं होतं. माळ्यावर जाऊन झडप उघडली तर भिंतीवरून वितळलेल्या चरबीचे ओघळ खाली चालले होते. उतारावरचं गवत गुडघाभर उंच होतं आणि त्यातलं एक पातंही मोडलेलं नव्हतं. झडपेची चौकट ओली होती. पाऊस चार दिवसांत झाला नव्हता.

करडी चित्रं तिनं पुन्हा पुन्हा मोठी करून पाहिली. त्यांत काही दिसायचं नाही, हे तिलाच माहीत होतं. कॅमेऱ्याची नजर तिनं कायमची लांबवर खिळवून ठेवली होती, कारण मोकळी सोडली की तो ढग सोडून काचेवरच्या थेंबाकडेच बघत बसे. आता त्याला लांबचं सगळं स्वच्छ दिसायचं आणि जवळ आलेलं काहीही नुसता डाग. डागाचा रंग तेवढा कळत होता. करडा, त्यात जरा हिरवट. तसले रंग जगात पुष्कळ असतात, तिनं स्वतःला बजावलं. कबुतरं असतात, ताडपत्री असते. विदोयेचा स्वेटर तिनं स्वतः विणला होता, म्हणून तिला सगळीकडे तोच रंग दिसणार. बाईमाणूस एकटं राहिलं की डोकं असं फिरतं, आणि हे लोक त्याचीच वाट बघत बसलेत. हा शेवटचा विचार तिला बरा वाटला, कारण त्यात चिडायला कुणीतरी होतं.

पण त्या रागाखाली काहीतरी हललं होतं. तिनं ते दाबून टाकलं आणि सूप उतरवलं. ते खालून लागलं होतं.

५

पुढच्या आठवड्यात तोडणी ऐन भरात होती. दुपारी आभाळ भरून आलं, तरी रासबेरीच्या रांगांमधून माणसं हलली नव्हती. दोब्रिला आपल्या रानातून रिकामी पाटी आणायला निघाली आणि मिलुंकाच्या रांगांपाशी तिला आवाज ऐकू आला. गुणगुणल्यासारखा, जमिनीलगत. ती थांबली. तोच आवाज पलीकडच्या रांगेतूनही येत होता, आणि त्याच्याही पलीकडून. कुणी ओरडत नव्हतं. सगळं रान हळू आवाजात एकच काहीतरी म्हणत होतं.

तिनं काट्याच्या फांद्या बाजूला केल्या. मिलुंका उकिडवी बसली होती, तोंड मातीपाशी, बादली मांडीत.

“फिर बाळा विदोये, मागं फिर. इकडे नको. शहाणा ना तू. ने त्यांना, ने.”

दोब्रिलानं बादलीला लाथ मारली. रासबेरी मातीत सांडल्या. म्हातारीनं वर पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर लाज अजिबात नव्हती.

“शब्द दिला होतास तू,” दोब्रिला म्हणाली. “दोन वर्षं मी वेड्यासारखी ती काच घासतेय. आणि तुम्ही सगळे इथं रांगांत बसून...”

“तुला ऐकू जाऊ नये म्हणूनच ना बसून. रान कुणी वाचवलं मग? तुझ्या काचेनं?”

“तो तुझा गुराखी नाही.”

“माझा नाही, गावाचा. आधी बुडालेला स्रेचको होता, किती वर्षं राबला बिचारा. तुझा आला आणि तो सुटला. आता दुसरा कुणी बुडेपर्यंत तुझ्या पोराला राहावं लागणार. मी का नियम केलाय?” मिलुंका मातीतल्या रासबेरी वेचायला लागली. मग जरा थांबून म्हणाली, “आणि हल्ली ऐकत नाही तो. पूर्वी एका हाकेत वळायचा. आता धारेवर उभा राहतो, चारचारदा सांगावं लागतं. ओढ तुझ्या घराकडे आहे त्याची.”

“तुला दिसतो?”

“मला कुठलं दिसायला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. जड जातं एवढं कळतं. हट्टी गुराची दोरी ओढावी तसं.”

या बाईला इथंच गाडावं असं दोब्रिलाच्या मनात आलं, अगदी खरोखर आलं. तिनं एवढंच सांगितलं की पुढचा काळा ढग आला की मी तुझ्या दारात येऊन बसेन आणि तुझ्या तोंडातून त्याचं नाव निघालं तर माझ्यासारखी वाईट नाही. मग तिनं उभं राहून सगळ्या रानाला ऐकू जाईल अशा आवाजात तेच पुन्हा सांगितलं. गुणगुण थांबली. धारेवरचा ढग तेवढ्यात उत्तरेकडे कलंडला होता.

६

तिनं बोलल्याप्रमाणे केलं. शनिवारी दुपारी पश्चिम हिरवी पडली तशी ती मिलुंकाच्या उंबऱ्यावर जाऊन बसली, हातात फोन. आत म्हातारी टेबलाशी शेंगा सोलत होती. गल्लीत माणसं आपापल्या दारात उभी होती आणि सगळी दोब्रिलाकडे बघत होती. कुणाचं तोंड उघडत नव्हतं. या शांततेसाठी तीन वर्षं झगडले मी, तिला वाटलं, आणि तिला आनंद झाला नाही.

रादोयकोचा फोन आला. केंद्राला चित्र पोचलंय, इतकं स्वच्छ चित्र कधी पाहिलं नाही म्हणाले, पण वरून विमान जातंय, ते गेल्याशिवाय हुकूम नाही. वहिनी, थांबूया का, असं त्यानं विचारलं. नाहीतर त्याच्या नावानं हाक मारू द्यायची का, हे त्यानं तोंडानं म्हटलं नाही, पण तिला कळलं.

चित्र खरंच स्वच्छ होतं. धारेवरच्या पाइनची एकेक फांदी वेगळी दिसत होती. त्यावर ढग, पोट फुगलेला, कडेला दुधासारखा पांढरा. ढगाखाली धारेवर एक पांढरी ओळ होती आणि ती जागच्या जागी हलत होती. वारा पडला. गल्लीतल्या कोंबड्या खुराड्यात गेल्या.

ढग पुढे येईना आणि मागेही जाईना. एकामागून एक तेच चित्र. कॅमेरा अडकला असेल म्हणून तिनं चित्राचा खालचा कोपरा बघितला; तिथं कुणाच्या तरी चुलीचा धूर प्रत्येक चित्रात वेगळा होता. म्हणजे कॅमेरा चालू होता. ढगच उभा होता.

“वाट बघतोय,” आतून मिलुंका म्हणाली. ती हळू बोलली, ओरडली नाही. “मी नाव घेत नाही, बघ. तू सांग. तुझं ऐकेल. एकच शब्द सांग, जा म्हण. सगळ्या गावाचं वर्षाचं पोट आहे बाई तिथं.”

दोब्रिलाच्या लक्षात आलं की तीन वर्षांत आपण त्याच्याशी एक अक्षरही बोललेलो नाही. पाद्र्याशी भांडली, गावाशी भांडली, थडग्याच्या दगडावरची अक्षरं वाकडी आली म्हणून कारागिराशी भांडली. त्याचं नाव कुणी घेऊ नये म्हणून तिनं जीव काढला आणि स्वतःही घेतलं नाही. सगळे त्याला जा म्हणत होते आणि आई गप्प होती. तिकडून त्याला काय वाटलं असेल? तिला एकदम इतका राग आला की डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि या वेळी तो कुणावर आहे हे तिला सांगता आलं नसतं.

फोन करडा झाला.

ती बघत राहिली. काच पुसली जाईल आणि पुन्हा धार दिसेल, अशी वाट बघत राहिली. करडं तसंच राहिलं. ते पुसत नव्हतं. काचेला लागून उभं होतं, सगळी चौकट भरून, आणि त्यात वरच्या बाजूला एक फिकट गोल डाग होता, आत बघणाऱ्या माणसाचा जिथं चेहरा येतो तिथं. चेहरा दिसत नव्हता. कॅमेऱ्याला लांबचंच बघायला तिनं शिकवलं होतं.

हातातला फोन वाजायला लागला. तिहोमिर. तोही बघत होता. तिनं तो कापला, तो पुन्हा वाजला, तिनं फोन उंबऱ्यावर ठेवून दिला आणि गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

“विदोये,” ती म्हणाली. मग मोठ्यानं ओरडली. “विदोये! ये बाळा! घरी ये!”

मागं मिलुंकाच्या हातातलं भांडं खाली पडलं. काय बोललीस, काय बोललीस गं तू, असं ती पुटपुटत राहिली. धारेकडून आवाज उठला, ट्रकमधून खडी ओतल्यासारखा, आणि तो उताराउतारानं गावाकडे यायला लागला.

७

दोब्रिला त्या गारांतून चालत घरी गेली. दोन्ही बाजूंना कौलं फुटत होती, आलुबुखारांच्या फांद्या तुटून पडत होत्या, कुणाची तरी गाय हंबरत होती. तिला एकही गार लागली नाही. तिनं धावायचा प्रयत्नही केला नाही.

घरात तिनं सूप गरम केलं, मक्याची भाकर कापली, साय काढली. दार तिनं उघडंच ठेवलं होतं. बाहेरचा कडकडाट थांबला तेव्हा अंगणातल्या गारांवरून पावलं वाजत आली, सावकाश, जड. उंबऱ्यावर थांबली. तिनं पातेल्यावरून नजर काढली नाही. खुर्ची सरकली. खोलीत नदीचा वास भरला, पुरानंतर गिरणीपाशी येतो तो.

तिनं ताट वाढून टेबलावर सरकवलं आणि नजर भाकरीवर ठेवली. वर बघायचं नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. भाकरीकडे एक हात आला. बोटं खूप वेळ पाण्यात राहिली की होतात तशी पांढरी, सुरकुतलेली. नखांत वाळू. त्यानं भाकरीचा तुकडा उचलला आणि हात टेबलाच्या पलीकडे गेला. चमचा ताटाला लागल्याचा आवाज आला. ती रडत नव्हती. तिला इतकं शांत तीन वर्षांत वाटलं नव्हतं.

मग फाटकाशी माणसं आली. ती दारात गेली आणि चौकट अडवून उभी राहिली. सगळं गाव होतं. रादोयकोच्या कपाळातून रक्त वाहत होतं, दोघीजणींनी मिलुंकाला धरलं होतं. त्यांच्या मागं रासबेरीच्या रांगा होत्या तिथं नुसत्या काठ्या उभ्या होत्या आणि खाली लालसर चिखल. शिव्या द्यायला आली असतील, द्या, ती मनात म्हणाली. पण कुणी शिवी दिली नाही. ती माणसं घाबरलेली होती. रादोयकोनं हात वर करून पश्चिमेकडे दाखवलं. धारेमागून दुसरा ढग चढत होता, पहिल्यापेक्षा मोठा, आणि तो कुठंही थबकत नव्हता.

“पत्रा कोसळून रॉकेटच्या नळ्या चेपल्या, वहिनी,” तो म्हणाला. “आता छपरंसुद्धा राहायची नाहीत. पोरं आहेत घरात.”

“धारेवर कुणी नाही, सूनबाई,” मिलुंका म्हणाली. तिचे पांढरे डोळे दोब्रिलाच्या खांद्यावरून आत, स्वयंपाकघराकडे लागले होते. दिसत नसलेल्या त्या बाईनं क्रूसाची खूण केली. “पाया पडते तुझ्या. पाठव त्याला परत.”

दोब्रिलानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळ्यांचे ओठ त्याच्या नावासाठी तयार होते, तिला ते दिसत होतं. आत चमचा थांबला होता. तोही ऐकत होता.

“तीन वर्षं हाकललंत त्याला,” ती म्हणाली. “थंडीत, पावसात, तिथं उभं केलंत. आता पुरे झालं. कुणी हाक मारायची नाही. जेवतोय तो.”

तिनं दार लावलं, आतून कडी घातली आणि त्याला अजून थोडं सूप वाढायला वळली.